फॅक्सने आलेली अकरा पानं

ऑक्टोबर अर्धा सरला की दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या गल्लीत संध्याकाळी एक वास उतरतो. गोड, जड, थोडा अंगावर येणारा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची ती उंच झाडं वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्यांच्याखाली गाड्या लागतात, इस्त्रीवाल्याचं टेबल असतं. मग एक दिवस पंखा दोनवर येतो, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटायला लागतं आणि झाडांवर हिरवट पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात. वरच्या मजल्यावरच्या मेहरा आंटी खिडक्या लावून घेतात. "सिर फट जाता है," म्हणतात. मी आमच्या उघडते.

काल मेट्रोचा जिना चढून वर येताना शेवटच्या चार पायऱ्यांवर तो वास आला आणि माझ्या कानात शिट्टी वाजली. खरी नव्हे, आठवणीतली. एकसुरी, तीनेक सेकंदांची, किंचित नाकातली. लोकांना वासावरून माणसं आठवतात, घरं आठवतात. मला फॅक्स आठवतो. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण मग फॅक्स अजून असतो का, इथपासून सुरुवात करावी लागते.

असतो. मी नोएडाला ज्या लहानशा कंपनीत काम करते, ती कॉम्प्युटरवरून फॅक्स पाठवायचं आणि घ्यायचं सॉफ्टवेअर बनवते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे परदेशातले छोटे दवाखाने, तपासणीच्या लॅब, वकील. त्यांना कागद दुसऱ्याच्या हातात पडल्याचा पुरावा लागतो. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. ऑफिसात एक बिनखिडक्यांची खोली आहे. तिथे मांडणीवर काडेपेटीएवढे मोडेम ओळीने ठेवलेले असतात आणि ते दिवसभर एकमेकांना फोन करतात. मी मध्ये बसून ऐकते. नवीन माणसांशी फोनवर बोलायचं म्हटलं की ज्या मुलीच्या तळहाताला घाम येतो, तिला हे काम मिळणं म्हणजे लॉटरीच.

ऐकायला मला नेगी सरांनी शिकवलं. ते आमच्या टीमचे मोठे. मूळचे पहाडातले, पौडीचे, स्वेटर सप्टेंबरातच काढणारे. पहिल्या आठवड्यात मी स्क्रीनवरच्या नोंदी वाचत बसले होते, तर त्यांनी माझ्या मोडेमचा स्पीकर चालू केला. "बेटा, लॉग बाद में पढ़ना. पहले कान लगाओ. ये दोनों क्या शराफ़त से बात करते हैं, सुनो तो सही."

खरंच शराफत होती. फोन करणारा दर काही सेकंदांनी एक आखूड 'पीं' देतो: मी माणूस नाही, फॅक्स आहे. उचलणारा लांब शिट्टी देतो: मीही. मग उचलणारा घोगऱ्या, सावकाश किलबिलाटात स्वतःची माहिती सांगतो. एवढ्या रुंदीचा कागद चालेल, इतकं बारीक दिसेल, या वेगापर्यंत ऐकू येईल. पलीकडचा त्यातलं दोघांना झेपेल ते निवडतो आणि तसं कळवतो. तरी पान लगेच पाठवत नाही. आधी दीड सेकंद नुसता सराव: ज्यात काहीच मजकूर नाही अशी एक सरळ सर पाठवतो आणि विचारतो, नीट आली का? आली तर पुढे. नाही आली तर कुणी कुणावर चिडत नाही, वेग एक पायरी खाली आणतात आणि पुन्हा सराव करतात. मग पान जातं. तेही किती साधेपणाने! एका ओळीत इतके ठिपके पांढरे, इतके काळे, पुन्हा इतके पांढरे. पान संपलं की पाठवणारा थांबतो आणि विचारतो, मिळालं? पलीकडून 'मिळालं' आल्याशिवाय तो निरोप घेत नाही.

मी शाळा-कॉलेजात ज्या ज्या घोळक्यांच्या कडेला उभी राहिले, तिथे कुणी एवढं विचारून बोलत असतं तर मी कदाचित मध्ये उभी राहिले असते.

आणि कॉम्प्युटर? तो या सगळ्यात मागे उभा असतो. मोडेम म्हणजे फक्त गळा. शिट्टी कधी द्यायची, काय सांगायचं, किती थांबायचं, हे सॉफ्टवेअर त्याच्या कानात सांगतं. तोकड्या, दोन-चार अक्षरी हुकमांत. मोडेम 'ओके' म्हणतो किंवा 'कनेक्ट' म्हणतो, एवढंच. पण हुकूम अर्धा सेकंद जरी उशिरा आला, तरी पलीकडच्याला वाटतं, इथे कुणी नाही. "ये मियां-बीवी का मामला है," नेगी सर म्हणत. "बोलेगा ये, सोचेगी वो. और टाइमिंग गई तो घर गया."

तर ज्या ऑक्टोबराबद्दल मी सांगतेय, तो नोकरीतला माझा पहिलाच. बाबा तेव्हा पोस्टिंगवर गुवाहाटीला होते, घरी आई आणि मी. आई मंत्रालयात नोकरी करते, आणि उरलेल्या वेळात आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढते. अंक म्हणजे साठ-सत्तर पानांचा. दिल्लीत आयुष्य गेलेली माणसं त्यात लिहितात, आणि तीच वाचतात. त्यात दरवर्षी पहिला लेख इंदूमावशींचा.

इंदूमावशी म्हणजे आईची सरोजिनी नगरची जुनी शेजारीण. आईहून पंचवीसएक वर्षांनी मोठ्या, त्यामुळे आईच्या इंदूताई आणि माझ्या मावशी. दिल्लीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लांबचे फोन जेव्हा माणसं जोडून देत, तेव्हा कानाला हेडफोन लावून बोर्डापुढे बसणाऱ्या बायकांपैकी एक. निवृत्तीनंतर त्या देवासला गेल्या. तिथे त्यांच्या यजमानांचं फोन-फॅक्सचं छोटं दुकान होतं. यजमान गेले, दुकान गेलं. फॅक्स मशीन घरी आलं आणि दिवाणखान्यात विणलेल्या रुमालाखाली बसलं. त्याच मशीनवरून त्यांचा लेख मंडळाच्या मशीनवर येत असे.

मंडळाचं मशीन बंद पडल्यावर, म्हणजे मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी, देवासच्या एका शेजाऱ्याने पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले. अकरा पानं. आली नऊ. कुणी मोजली नाहीत. आईने तर नाहीच. सातवं आणि आठवं पान गेलं, आणि दुर्दैव असं की सहाव्याची शेवटची ओळ नवव्याच्या पहिल्या ओळीला बेमालूम चिकटली. लेख होता एक्स्चेंजच्या सुपरवायझर कर्णिकबाईंवर. छापून आलं ते असं: 'कर्णिकबाई शिस्तीच्या होत्या, पण मनाने फार मोठ्या. दुपारच्या सुट्टीत आम्ही गच्चीवर डबे उघडले की त्या भिंतीवर बसून टक लावून बघत, आणि संधी मिळताच कुणाच्याही डब्यातली पोळी पळवत.'

पोळी पळवत ती एक्स्चेंजच्या गच्चीवरची माकडं.

मंडळात लोक हसून हसून लोळले. मीही हसले. मग एक दिवस कर्णिकबाईंच्या मुलीचा आईला फोन आला. त्या मयूर विहारला राहतात, अंक दरवर्षी घेतात. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आई जाऊन सहा महिने झालेत. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलं म्हणून मी पहिल्यांदा तेच उघडलं. सगळ्यांना ती अशी वाटायची का?" आईने खुलासा केला, माफी मागितली. पण हरवलेल्या दोन पानांत काय होतं, ते तिला सांगता आलं नाही, कारण तिने ती पानं पाहिलीच नव्हती. इंदूमावशींनी चिडून मूळ कागद फाडून टाकले होते.

त्या दोन पानांतच सगळं होतं. इंदूमावशींचा मुलगा लहानपणी टायफॉइडने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यांना रजा मिळेना. कर्णिकबाईंनी सुपरवायझरची खुर्ची सोडली, स्वतः हेडफोन लावला आणि एकोणीस दिवस इंदूमावशींच्या बोर्डावर बसल्या. वर जाब द्यावा लागला तो त्यांनीच दिला.

पुढच्या सप्टेंबरात आईने भीत भीत देवासला फोन केला. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. स्पीकर चालू होता.

"लिहिते," इंदूमावशी म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून लिहिते, कर्णिकबाईंवरच. पण फोटो नाही पाठवायची."

"कुरिअर करा ना, इंदूताई."

"मूळ कागद हातातून सोडणार नाही. फॅक्स. पान माझ्यापाशी राहतं आणि पोहोचलं की मशीन पावती देतं. पानामागे पावती. हे बघ सुलभा, माझा राग नाही तुझ्यावर. पण मी एक्याऐंशीची झाले, आणि कर्णिकबाईंची माफी काही दर दिवाळीला मागता येत नाही. या वेळी एक पान जरी गेलं, तर मी पुन्हा लिहिणार नाही. अंक तुझा तू काढ."

"नाही नाही, फॅक्स तर फॅक्स!" आई म्हणाली. "आमची ऋजू त्याच कंपनीत आहे. बिल्कुल काळजी करू नका."

मी हातातल्या जुडीसकट आईकडे बघितलं. आईने दुसरीकडे बघितलं.

नेगी सरांनी एक मोडेम आठवड्यासाठी घरी न्यायला दिला. आमचा घरचा नंबर तोच जुना होता, पण आता तो भिंतीवरच्या फायबरच्या डबीतून यायचा. हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला फोन ज्या लाइनवर होता, तिलाच मी मोडेम जोडला, लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवला, सॉफ्टवेअरला सांगितलं: पहिल्या रिंगला उचल. रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. आईने टेबलावरची लोणच्याची बरणीसुद्धा हलवली, जणू देवासहून पाहुणेच येणार.

अकराला रिंग वाजली. सॉफ्टवेअरने उचललं, शिट्टी दिली, माहिती सांगितली. उत्तर नाही. पुन्हा सांगितली. उत्तर नाही. अर्ध्या मिनिटाने फोन ठेवून दिला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. नोंदींमध्ये नुसतं 'पलीकडून काही आलं नाही' असं येत राहिलं.

मला नेगी सर आठवले. चौथ्या वेळी मी स्पीकर चालू केला.

शिट्टी वाजली. किलबिल झाली. आणि त्या दोहोंच्या मधल्या शांततेत, काडेपेटीएवढ्या डबीतून एक बारीक, म्हातारा, अतिशय मायाळू आवाज आला: "अगं, रडतेस कशाला? काय झालं? रडू नको बाळ. आईला फोन दे बघू."

आई खुर्चीतून पडायची राहिली. मी इतकी हसले की फोन उचलायचंही सुचेना, आणि तेवढ्यात सॉफ्टवेअरने पुन्हा एकदा आपली माहिती सांगितली. "बरं बरं," इंदूमावशी त्याला म्हणाल्या, "पाणी पी आधी."

आईने नंतर त्यांना फोन केला तेव्हा कळलं, घोटाळा असा होता की इंदूमावशी मशीनला नंबर लावू देत नव्हत्या. त्या स्वतः फोन उचलून नंबर फिरवत, कोण आहे ते विचारत, घरातल्या सगळ्यांची चौकशी करत, आणि मग कागद लावून हिरवं बटण दाबत. यजमानांच्या दुकानात असंच चालायचं, मंडळाच्या मशीनवरही एक कारकून काका आधी उचलून गप्पा मारत. आल्या आल्या कामाचं काढायचं, हे त्यांना उद्धट वाटायचं. "कुणाच्या दारात गेलं तर आधी बसतो ना आपण? की दारातूनच कागद फेकतो?"

माझं सॉफ्टवेअर नेमकं दारातूनच कागद मागत होतं.

सोमवारी मी नेगी सरांना हे सांगितलं. ते चष्मा काढून डोळे पुसत हसले. मग म्हणाले, "तो ऑटो बंद करो. तुम खुद उठाओ, खुद बात करो. जब वो बोलें कि काग़ज़ लग गया, तब क्लिक करना. और घर में फ़ाइबर है ना? स्पीड गिरा दो. एकदम नीचे."

"मैं बात करूं?"

"और कौन करेगा, बेटा? मोडेम?"

वेग कमी करण्याचं कारण मला ठाऊक होतं. फायबरच्या फोनवर आवाज बारीक तुकड्यांत कापून येतो. एखादा तुकडा मागेपुढे झाला तर माणसाच्या कानाला कळत नाही, तो अंदाजाने भरून घेतो. मोडेम अंदाज करत नाही. त्याला एक खाच पडली तरी ओळ बिघडते. वेग जितका कमी, तितकी वाट बघायला सवड. बोलायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. आईचा ऑफिसचा डबा भरणं चालू होतं. मी उचलला. "हॅलो" म्हटलं.

"कोण? रडणारी का?"

"नाही, मी... मी ऋजुता. ती मशीन होती."

"मग तू कोण आहेस?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट येत नाही. मी म्हटलं, "मी सुलभाची मुलगी. मी मशीन बघते."

"छान. मीही आयुष्यभर मशीनच बघितलं. जेवलीस का?"

"मावशी, सकाळचे साडेसात झालेत."

"मग चहा झाला का ते सांग."

असं पहिलं पान आलं. मी क्लिक केलं, शिट्टी वाजली, पलीकडे खडखड झाली आणि स्क्रीनवर वरून खाली, ओळीओळीने, निब घासून लिहिलेली ती अक्षरं उमटायला लागली. इतक्या कमी वेगाने पान येतं तेव्हा ते वाचता वाचता येतं. 'कर्णिकबाई' हा शब्द आधी फक्त डोक्यावरची रेघ होता, मग त्याला पाय फुटले. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत राहिले. मांडणीवरच्या मोडेमांकडून मी हजारो पानं घेतली होती, पण ती सगळी तपासणीची, मजकूर ठरलेला. कुणीतरी मला वाचायला म्हणून पाठवलेलं हे पहिलंच.

त्यांच्या मशीनला दोन कागद एकदम गिळायची खोड होती, म्हणून पानागणिक वेगळा फोन. रोज सकाळी दोन-तीन पानं, आणि प्रत्येक पानाआधी बसणं-उठणं. गुरुवारपर्यंत मला घाम यायचा थांबला. मी त्यांना सांगितलं की मोडेमही आधी ओळख करून घेतात, वेग ठरवतात, पान मिळाल्याचं विचारतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, हे तर कर्णिकबाईंचे नियम. लाइन खराब असली की नव्या मुली ओरडायच्या. बाई म्हणायच्या, ओरडू नका, हळू बोला. आकडा सांगितला की पलीकडच्याकडून म्हणून घ्या. यांना शिकवलं कुणी?"

"इंजिनिअर लोकांनी."

"त्यांच्या घरी कुणी ऑपरेटर असणार."

चौथं पान दोनदा पाठवावं लागलं. पान अर्ध्यावर होतं, शिट्ट्या थांबून सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आईने सवयीने स्वयंपाकघरातला फोन उचलून बाबांना लावायला घेतला. पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर काळ्या रेघांचा पाऊस पडला. "आई!" मी ओरडले. एरवी मी ओरडत नाही. आईच्या हातातला झारा खाली पडला. त्यानंतर आईने त्या फोनवर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, 'हात लावू नये. हुकमावरून.'

आणि एकदा, नवव्या पानाच्या आधी, इंदूमावशींनी विचारलं, "तिकडे सातवीण फुलली असेल ना?"

"कोण?"

"सातवीण गं. तुमच्या रस्त्यांवर असते. संध्याकाळी वास सुटतो."

म्हणजे ते झाड! ज्याच्याखाली मी शाळेच्या बसची वाट बघितली, त्याचं मराठी नाव मला तेविसाव्या वर्षी फोनवरून कळलं. मी खिडकी उघडून रिसीव्हर बाहेर धरला. आपण काय करतोय ते लक्षात येऊन लगेच आत घेतला. फोनवरून वास जात नाही. "धरलास ना बाहेर?" इंदूमावशी म्हणाल्या. "हॉर्न ऐकू आले."

शुक्रवारपर्यंत दहा पानं आली. दहा पावत्या त्यांच्याकडे, पानापानाला टाचणीने लावलेल्या. ती गेलेली दोन पानं नव्याने लिहिलेली होती. एकोणीस दिवसांचा एकेक दिवस त्यात होता. आईने ती उभ्या उभ्या वाचली आणि ऑफिसला उशिरा गेली.

"अकरावं अजून लिहायचंय," इंदूमावशी म्हणाल्या. "उद्या दुपारी."

उद्या चार वाजता अंक छापखान्यात जायचा होता. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उद्या दुपारी, मावशी. मी घरीच आहे."

शनिवारी अडीचला फोन आला. चहा, जेवण, हवा, सगळं झालं. कागद लागला. मी क्लिक केलं. पान नेहमीपेक्षा सावकाश आलं, मध्ये दोनदा अडखळलं, पण आलं. शेवटची ओळ, खाली सही. पूर्ण. सॉफ्टवेअरने 'मिळालं' असं सांगायला तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाइन तुटली.

पान माझ्यापाशी होतं. ते मिळाल्याचा निरोप देवासला पोहोचला नव्हता.

पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज वेगळा होता. "पावतीवर चूक आलीय. पान गेलं नाही."

"मावशी, आलंय. पूर्ण आलंय. समोर आहे माझ्या."

"पावती नाही म्हणते."

"'मिळालं' म्हणायच्या आधी लाइन गेली, म्हणून. पान आलंय."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. मग म्हणाल्या, "सुलभाही गेल्या वर्षी हेच म्हणाली होती. सगळं मिळालं म्हणून."

आम्ही पुन्हा पाठवून बघितलं. एकदा सरावातच अडलं, एकदा पान तीन ओळींवर तुटलं. सव्वातीन झाले. आई दाराशी छापखान्याची पेन ड्राइव्ह हातात घेऊन उभी. फॅक्सपुरती ती लाइन मेलेली होती. माणसापुरती मात्र ठीक होती. माणसाचा कान खाचा भरून घेतो.

आणि मी म्हटलं, "मावशी, तुमचं पान हातात घ्या. मी माझं वाचते. तुम्ही तुमच्याशी ताडून बघा."

मी मराठी मनात वाचते. मोठ्याने वाचायची वेळ शाळेत कधी आली नाही. घरी आली की मी पळायचे. त्या दुपारी मी हळू वाचलं. एक वाक्य, मग थांबायचं. पलीकडून "हं" आलं की पुढचं. 'निःस्पृह' शब्दाला अडखळले, त्या हसल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मग मी पुन्हा म्हटला, तेव्हा "हं." कर्णिकबाईंची निवृत्तीच्या दिवशीची साडी, त्यांनी हेडफोन काढून इंदूमावशींच्या हातात दिला तो प्रसंग, त्यांच्या मुलीला उद्देशून लिहिलेलं साधं, सरळ वाक्य: 'तुझी आई माझ्या जागी बसली होती, हे मला दोन वेळा लिहावं लागलं, पहिल्या वेळी ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही, त्याबद्दल क्षमा कर.' आईने तोंडाला पदर लावला. "हं," इंदूमावशी म्हणाल्या.

त्याच्या पुढचं वाक्य मी डोळ्यांनी आधीच वाचलं होतं. माझे कान तापले. मी ते सोडून त्याच्या पुढचं, शेवटचं वाचलं, आणि खालचं नाव वाचलं.

"हं" आलं नाही.

"एक वाक्य राहिलं," इंदूमावशी म्हणाल्या.

"आहे. माझ्याकडे आहे ते."

"मग?"

"ते... ते वाचायची गरज नाहीये, मावशी. दिसतंय मला."

"गेल्या वर्षी दोन पानं, यंदा एक वाक्य. घराणंच तसलं दिसतंय." पण आवाजात आता हसू होतं. "ऋजुता, वाच."

मी खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे आई दिसू नये. आणि वाचलं: "'या वर्षी ही पानं माझ्याकडून एका मुलीने फोनवर घेतली, ती आधी ऐकते आणि मग बोलते, कर्णिकबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बोर्डावर बसवलं असतं.'"

"पुन्हा म्हण. शेवट पुटपुटलीस."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटपर्यंत.

"हं," इंदूमावशी म्हणाल्या. "मिळालं." पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला, त्या पावतीवर काहीतरी लिहीत होत्या. "आता छापायला दे. आणि ऐक, तू शहाणपणा करून ते वाक्य गाळशील, मला माहितेय. त्या पानावर एकोणीस वाक्यं आहेत. अंक आला की मोजणार आहे."

साडेतीनला मी ते पान टाइप करायला बसले. आईने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "थांब, मोजतेय."